नाव नंतर भरावे

माझा लॅपटॉप झोपतो आणि उठतो. त्याचं टचपॅड तेवढं उठत नाही. झाकण मिटून चहा घेऊन यावं तर पडदा उजळलेला, कीबोर्ड हजर आणि बाण मात्र कोपऱ्यात दगडासारखा. हळद शिजवायचे दिवस होते. त्या दिवसांत वसमतला कुणाची बोटं पिवळी नसतात? मी हळदीला दोष दिला आणि टचपॅड स्पिरिटनं पुसलं. मग माऊस घेतला. तो बिघडला म्हणून दुसरा. दुसरा सापडेना म्हणून तिसरा. दुसरा त्याच संध्याकाळी सापडला.

लॅपटॉपवर लिनक्स घालून देऊन भाचा पुण्याला गेला होता. त्याला कशाला त्रास, म्हणून मीच उपचाराला बसलो. आयुष्यभर मराठी शिकवलं म्हणून काय झालं! झाकणावर कंपनीचं ठसठशीत नाव होतं. त्याच नावाच्या दुसऱ्या मॉडेलला गुण आलेली एक ओळ मिळाली, ती चालू होतानाच्या आज्ञेत चिकटवली. टचपॅड उठलं नाहीच, कीबोर्डही त्याच्याशेजारी जाऊन निजला.

दोघांची वाट एकच असते, हे मला कुठलं ठाऊक! १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये कीबोर्ड सांभाळायला इंटेलची ८०४२ चिप होती. ती केव्हाच गेली, पण तिची गादी चालूच आहे. कित्येक लॅपटॉपांत कीबोर्ड आणि टचपॅड अजून तिच्याच दारातून आत येतात. मी त्या दारालाच कुलूप घातलं होतं. शेवटी झेरॉक्सवाल्याचा कीबोर्ड मागून आणला, ती ओळ पुसली आणि भाच्याला फोन लावला.

"मामा, झाकणावरचं नाव कशाला बघायलात? ते विकणाऱ्याचं असतंय. बनवणारा येगळाच."

हे वसमतच्या माणसाला पुण्याहून कळावं! आमचे वडील हळद सांगलीला धाडायचे. पुढं ती सांगलीची म्हणून खपायची आणि वडील घरात चरफडायचे. 'वसमत हळद' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०२४ साली; ते बघायला वडील नव्हते. लॅपटॉपांचंही तसंच. क्लेव्हो, टोंगफांग यांच्यासारखे कारखानदार यंत्रं बनवतात, देशोदेशीच्या कंपन्या त्यांवर आपापलं नाव छापतात.

लिनक्सच्या गाभ्यात अशा खोडकर यंत्रांची यादीच असते. यंत्राचं नाव यादीतल्या नावाशी जुळलं की उतारा आपोआप लागू होतो. पण नाव जुळायचं म्हणजे अक्षराला अक्षर. रेल्वेच्या दप्तरी आपलं स्टेशन 'बसमत' आहे. आमचे एक पाहुणे 'वसमत' शोधून दमले आणि नांदेडला उतरून एसटीनं आले. माझ्या टचपॅडचा उतारा असाच नांदेडला उतरलेला.

भाच्यानं 'डीएमआयडीकोड' नावाची आज्ञा सांगितली. कारखान्यात यंत्राच्या पोटात लिहून ठेवलेली जन्मनोंद ती वाचून दाखवते. मी श्वास रोखून मॉडेलचा रकाना पाहिला. तिथं लिहिलं होतं : 'टू बी फिल्ड बाय ओईएम'. म्हणजे, ज्याच्या नावानं विकायचं त्यानं हा रकाना भरावा. त्यानं तो भरलाच नव्हता! झाकणावर एवढं मोठं नाव छापणाऱ्याला पोटात चार अक्षरं लिहायला सवड नव्हती. फॉर्म अर्धवट सोडणाऱ्या पोरांना मी तीस वर्षं वर्गाबाहेर उभं केलंय. याला कुठं उभं करू?

सुदैवानं मदरबोर्डाचा रकाना भरलेला होता. त्या आकड्या-अक्षरांवरून यादीत एक सख्खा भाऊ निघाला. नाव भलतंच, पोट तेच. त्याच्यापुढचे 'नोमक्स' आणि 'रिसेट' हे दोन शब्द माझ्या आज्ञेत घातले. झाकण मिटलं, चहा घेतला, झाकण उघडलं. बाण हलला.

तीन माऊस आता कपाटात पडून आहेत. कुणाला हवे असल्यास घेऊन जावेत. पहिला बिघडलेला आहे.