सहावा हिस्सा

सोसायटीत गाडी शिरली की बाकीचे लोक आत कोण बसलंय ते बघतात. चाककाका चाकं बघतात. तुम्ही दार उघडून उतरेपर्यंत ते पुढच्या चाकापाशी उकिडवे बसलेले असतात आणि पोराला ताप आहे का बघावं तसा हात उलटा करून हबच्या टोपीला लावतात. प्रवास कसा झाला, हे ते तुम्हाला कधीच विचारत नाहीत. हबला विचारतात.

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी अजून हवेचा गेज असतो. पंप बंद पडो, लिफ्ट अडको, की सेक्रेटरी मीटिंगमध्ये भडको, काका आधी हात लावून बघणार. सेक्रेटरींच्या बाबतीत फक्त खांद्याला.

माझ्या जुन्या जीपचे पुढचे लायनर आणि बेरिंग बदलून आणले आणि मी त्यांच्या तावडीत सापडलो. साताऱ्याला पोचलो तेव्हा डावं चाक असं तापलेलं की हात जवळ नेववेना. गॅरेजवाला फोनवर म्हणाला, "नवीन काम आहे साहेब, बसेल हळूहळू." परत आल्यावर शेजारी म्हणाले, ग्रीस कमी भरलंय. त्यांचे मेहुणे म्हणाले, जास्त भरलंय. काकांनी एवढंच विचारलं, "उजव्याला हात लावलास?"

नव्हता लावला.

"मग कशाच्या जोरावर बोंबलतोस? खंबाटकी उतरल्यावर चारही चाकं तापतात. त्यात नवीन लायनर, ते थोडं घासणारच. उद्या पहाटे सपाटीला चल."

पहाटे दहा किलोमीटर गेलो. अट अशी, की ब्रेकला पाय लावायचा नाही. थांबायचं तेही गिअर उतरवत. शेजारी बसलेल्या काकांनी स्वतः मात्र वीसेक वेळा पाय दाबला. त्यांच्या बाजूला पेडल नव्हतं म्हणून परीक्षा शुद्ध राहिली.

उतरल्यावर त्यांनी बाटलीतलं पाणी बोटांनी शिंपडलं. उजव्या टोपीवर थेंब निवांत बसले. डावीवर चर्र झालं. ड्रमची कड मात्र नुसती गरम होती. "ब्रेक धरत असता तर आधी ड्रम पेटला असता," काका म्हणाले. "हे दुखणं मधलं आहे."

पण काका एका पुराव्यावर फाशी देणारे नव्हेत. घरी येऊन चाक जॅकवर घेतलं, हाताने फिरवलं. जड. ब्रेकचा निपल सैल केला, चार थेंब ऑइल आलं, चाक तसंच जड. म्हणजे पाइपात दाब अडकलेला नाही. शूज आत घेतले, तरी जड. "आता राहिला कोण?" म्हणत त्यांनी टोपी काढली. ग्रीस पातळ तुपासारखं ओघळलं. नट असा आवळलेला, की पान्याला पाइप लावून दोघे लोंबकळले असावेत.

"घट्ट म्हणजे मजबूत, हे बरणीच्या झाकणाला ठीक. टेपर बेरिंग तापलं की फुगतं, फुगायला जागा नसली की आणखी तापतं." बेरिंग डिझेलमध्ये धुतलं. रोलर निळे पडले नव्हते म्हणून वाचलं. नवं ग्रीस भरून, चाक फिरवत फिरवत काकांनी नट आवळला, जड होईपर्यंत. मग फेऱ्याच्या सहाव्या हिश्श्याने मागे घेतला आणि लॉकनट मारला. चाक एका बोटाने गरगरलं.

"सहावा हिस्सा!" काकांनी काळं बोट उंचावून जमलेल्या पोरांना सांगितलं. "तेवढं ढिलं सोडता आलं पाहिजे."

चहा घेऊन आलेल्या काकू कठड्यापाशी थांबल्या होत्या. "तिशीतल्या मुलाने रात्री नऊच्या ठोक्याला घरात असलं पाहिजे," त्या मला म्हणाल्या, पण कप काकांच्या हातात देत. "नऊ म्हणजे नऊ. काल दाराला कडी घातली यांनी. दोघं बाप-लेक तापलेत चार दिवस."

काका काही बोलले नाहीत. चिंधीने एकेक बोट पुसत बसले. संध्याकाळी मुलगा बाहेर निघाला तेव्हा खिडकीतून आवाज आला,

"नऊ दहापर्यंत आलास तरी चालेल!"

तासाचा सहावा हिस्सा. काका माप चुकत नाहीत.