चादर पोचली: बॉम्बे डाइंगला बांद्याहून खुले पत्र

प्रति,
मा. बॉम्बे डाइंग, मुंबई.
(जुना पत्ता: स्प्रिंग मिल, नायगाव. तिथे आता टॉवर उभे असल्याने पत्र वॉचमनकडे ठेवावे.)

सप्रेम नमस्कार वि. वि.

बांद्यात सध्या आपल्या आठवणीने माणसं फार हळवी होतात. पूर्वी मुंबईत जिथे तिथे आपली दुकानं दिसायची, आता शोधावी लागतात, असं चाकरमानी सांगतात आणि ऐकणारे उसासा टाकतात. यातल्या बहुतेकांनी आपलं शोरूम आतून कधी पाहिलेलं नाही. तिथल्या काचेच्या दारापर्यंत गेलेले पुष्कळ, पण दार ढकलायला खिशात तेवढं धाडस नव्हतं. तरीही दुःख खरं आहे, त्याची नोंद घ्यावी.

कारण चादर मात्र पोचली. गणपतीला येणाऱ्या एसटीच्या टपावरून, वळकटीत गुंडाळून, पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर बर्थखालच्या बॅगेतून. बांद्याच्या घराघरांत ती ट्रंकेच्या तळाशी गेली, वर डांबराच्या गोळ्या पडल्या आणि नियम ठरला: ‘ती काढू नको गो, पावणे येवचे आसत.’ पाहुणे आले की मोठमोठ्या गुलाबांची ती चादर खाटेवर पडे. डबलबेडची चादर, पण घरात डबलबेड कुठला? मग ती दुमडून एकेरी करायची, नाहीतर सरळ जमिनीवर अंथरून तिच्यावर चार पोरं आडवी झोपवायची. २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यात तेरेखोल नदी बाजारात शिरली, तेव्हा माळ्यावर चढवायच्या वस्तूंत कागदपत्रांच्या मागोमाग तिचा नंबर होता. रंग विटला तरी तिला निवृत्ती नाही. आधी गोधडीचा वरचा पदर, मग भजनाची बैठक, शेवटी मे महिन्यात खळ्यात कोकमाची सोलं वाळवायला. गुलाबांवर सोलांचे जांभळे डाग पडले की कुठलं फूल आपलं आणि कुठला डाग आमचा, ते सांगता येत नाही.

आपला जन्म १८७९ चा. नवरोसजी वाडियांनी लाल विटांच्या शेडमध्ये सूत हातानेच तीन रंगांत बुडवून उन्हात वाळवायला सुरुवात केली, असा आपला इतिहास सांगतो. ऐंशीच्या दशकात शशी कपूर यांचे चिरंजीव करण कपूर आपल्या जाहिरातींत झळकू लागले. निळ्या डोळ्यांचा तो तरुण आपल्या कापडात असा काही शोभायचा की, हे कापड विणणारा माणूस रात्री कुठे झोपतो, हा प्रश्न कुणाला सुचूच नये. तो झोपायचा गिरणगावात, गावाच्या खोलीत. गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेतलेल्या त्या खोलीत पाळीप्रमाणे झोपायचं. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच चटईवर. आपल्या गिरण्यांत डबलबेडच्या चादरी विणणाऱ्या माणसांना झोपायला अर्धी चटई पुरे, हा कारभार कौतुकास्पदच.

मग १८ जानेवारी १९८२ आलं. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पुढारी डॉ. दत्ता सामंत, ते मालवण तालुक्यातल्या देवबागचे, म्हणजे आमच्याच किनाऱ्यावरचे. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे कायद्याच्या काटेकोर भाषेत बांद्याचे काही वृद्ध अजूनही संपावर आहेत. आपल्याला तसं कळवायचं राहून गेलं होतं, क्षमस्व.

त्यानंतरची आपली प्रगती मात्र डोळे दिपवणारी. गिरणीतल्या कापडापेक्षा गिरणीखालच्या जमिनीला भाव जास्त, हे आपण वेळीच ओळखलंत. गिरण्यांच्या जमिनीचे तीन हिस्से व्हायचे होते: एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आपल्याच नावाने गाजलेल्या खटल्यात, सांगितलं की वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीची, शेड पाडून मोकळी झालेली त्यात धरायची नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण अंथरुणं विकणाऱ्यांसाठी नसावी. नायगावला आयलंड सिटी सेंटरचे मनोरे उभे राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये वरळीची सुमारे २२ एकर जागा जपानच्या सुमितोमो समूहातल्या गोइसू रिअल्टीला सुमारे ५,२०० कोटींना विकण्याचा सौदा जाहीर झाला. इतक्या रकमेच्या चादरी विकायच्या तर किती गणपती लागले असते, त्याचा हिशेब बांद्याच्या हायस्कुलातल्या मुलांना घालून दिला आहे.

कामगारांनाही विसरलं गेलं नाही. १ मार्च २०२० रोजी म्हाडाची सोडत निघाली. आपल्या दोन गिरण्या आणि श्रीनिवास मिल मिळून ३,८९४ घरं, प्रत्येकी २२५ चौरस फूट. सगळ्या गिरण्यांचे मिळून अर्ज मात्र दीड लाखाहून जास्त. ९० बाय १०८ इंची चादर साडेसदुसष्ट चौरस फूट भरते. म्हणजे एका घरात आपल्या तीन चादरी अगदी ऐसपैस अंथरता येतात आणि वर साडेबावीस चौरस फूट उरतात, चूल, मोरी आणि देवघरासाठी. ज्याने हे माप ठरवलं त्याचा हात मापावर बसलेला होता यात शंका नाही.

आपण आजही चादरी विकता, हे ठाऊक आहे. फक्त मुंबईतल्या आपल्या मागांवर त्या विणल्या जात नाहीत. स्वीडनच्या आयकियानेही २०२१ मध्ये लोअर परळच्या कमला मिल आवारातच दुकान थाटलं, म्हणजे गिरणगावात उशा-चादरी पुन्हा आल्या, गिरणी तेवढी आली नाही. बांदेकरांचं काही अडत नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जायचं, सोलापुरी चादर घासाघीस करून घ्यायची. ती दणकट असते, पण तिला ट्रंकेत ठेवायची कुणाची छाती होत नाही, ती रोज वापरली जाते. शोक म्हणून जो काही आहे तो एवढाच.

तेव्हा एक विनंती. २०२९ मध्ये आपल्याला दीडशे वर्षं होतील. स्मरणिका निघेल, प्रदर्शन भरेल, करण कपूर यांचे फोटो लागतील. त्यांच्या शेजारी लावायला बांद्याहून चादरी पाठवायची तयारी आहे, डाग न काढता. मात्र प्रदर्शन मे महिन्यात ठेवू नये. तेव्हा त्या खळ्यात असतात, सोलं वाळल्याशिवाय उचलता येत नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
चादर मिळालेले समस्त बांदेकर
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग