थेंबसुद्धा लागला नाही

टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक ज्यांनी आजवर काढलेलं नाही, मिक्सरचं वॉरंटी कार्ड ज्यांनी लॅमिनेट करून घेतलंय आणि फ्रिजच्या रिकाम्या खोक्यापायी ज्यांच्या माळ्यावर दुसरं काही मावत नाही, असे एक नाना प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्याही आहेत. इतक्या जपणाऱ्या माणसाचा फोन पाण्याने बिघडेल हे कुणाला खरं वाटणार नाही. पण बिघडतो तो त्यांचाच. आमचे फोन पावसात खिशात, पिशवीत, बायकोच्या पदराखाली जातात. नानांचा फोन पाण्यात जातो, कारण ‘कंपनीने लिहून दिलंय.’

काय लिहून दिलंय, तर ‘आयपी६८’. यातला ६ धुळीचा आणि ८ पाण्याचा, हे नाना लिफ्टमध्ये भेटणाऱ्या कुणालाही समजावून सांगतात. पाण्याचा ७ म्हणजे १ मीटर खोल, ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कडक, किती खोल आणि किती वेळ ते कंपनीने सांगायचं. ही परीक्षा कोऱ्या फोनची होते, प्रयोगशाळेत, संथ गोड्या पाण्यात. नानांनी ती सत्यनारायणाच्या दिवशी घेतली, प्रसादानंतर, हात धुवायला ठेवलेल्या बादलीत. ‘बघा हं,’ म्हणून फोन बुडवला आणि तो पाण्याखाली असताना पुतण्याला फोन लावायला सांगितला. बादली वाजली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. जुलैत लोणावळ्याला भुशी धरणाच्या पायऱ्यांवर प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा मात्र फोन त्याआधी दोनदा फरशीवर पडून उठला होता. आतल्या चिकटपट्टीने कुठे अंग सोडलं असेल, ते नानांना कसं दिसणार?

भुशीहून आल्यावर काहीही झालं नाही. नानांचं सगळं तत्त्वज्ञान या ‘काहीही झालं नाही’वर उभं आहे. त्यांच्या लेखी कारण आणि परिणाम यांत फार तर चहा होण्याइतकं अंतर असावं. पाणी आत गेलं असतं तर फोनने तिथेच मान टाकायला हवी होती! पण पाणी घाईत नसतं. ते सुकतं, त्यातले क्षार आत राहतात, दमट हवा लागली की पुन्हा ओलसर होतात. फोन बंद केला तरी बॅटरी जोडलेलीच असते. दोन बारीक टोकांमधला विजेचा दाब एकीकडचं तांबं विरघळवून हळूहळू भलतीकडे नेतो, हिरवट बुरशीसारखा थर चढतो आणि मग गणपतीच्या सुमारास, पाऊसही ओसरलेला असताना, समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येऊ लागतो. आधी स्पीकर, मग चार्जिंग, मग पडद्यावर रेघा.

नानांनी पहिल्यांदा फोन तांदळाच्या डब्यात पुरला. ‘अहो, आंबेमोहोर आहे तो! कोलमच्या डब्यात ठेवा की,’ एवढाच नानींचा आक्षेप. तांदूळ बंद फोनच्या आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याची भुकटी भोकांत बसते. अ‍ॅपलने तर २०२४मध्ये फोन तांदळात ठेवू नका असं स्पष्टच सांगितलं. इथे तर ओढायला पाणीही उरलं नव्हतं. पण ‘थेंबसुद्धा लागला नाही’ म्हणणारा माणूस फोन तांदळात का ठेवतो, हे नानींनीही विचारलं नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये मी सोबत होतो. टोकन, एसी, आणि काउंटरपलीकडे नातवाच्या वयाचा मुलगा. त्याने पिन टोचून सिमचा ट्रे काढला, आत टॉर्च मारला आणि म्हणाला, ‘काका, लिक्विड डॅमेज आहे. वॉरंटीत नाही बसणार.’ आत एक चिमुकली पट्टी असते. एरवी पांढरी, पाणी लागलं की लाल. नानांची लालभडक होती.

‘घाम असेल,’ नाना म्हणाले.

‘काका, घामाने एवढी नाही होत.’

‘मग कुंकू असेल. दसऱ्याला पूजा केली होती.’

‘फोनच्या आत?’

‘मनापासून केली होती रे!’

यावर मुलगा हसला, पण जॉबशीटवर ‘लिक्विड डॅमेज’ असंच लिहिलं आणि मदरबोर्डचा आकडा सांगितला. तेवढ्यात नवा फोन आला असता. मग नानांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून जमवलेला दारूगोळा काढला. इटलीत २०२० साली अ‍ॅपलला १ कोटी युरोचा दंड झाला. ऑस्ट्रेलियात २०२२ साली सॅमसंगला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले, कारण जाहिरातीत फोन पोहण्याच्या तलावात नि समुद्रात, आणि तिथून ओलाच काढून चार्जिंगला लावला तर पोर्ट गंजण्याची शक्यता. मुलगा शांतपणे म्हणाला, ‘काका, मी कोथरूडला असतो.’

नाना खोटं बोलतात, यात वाद नाही. पण त्यांचं खोटं एका काउंटरपुरतं, तेही चाचरत. जाहिरातीतला फोन मात्र उजळ माथ्याने पाण्यात सूर मारतो, आणि द्रवाने झालेली हानी वॉरंटीत धरली जाणार नाही हे वाक्य भिंग लावून शोधावं लागतं. पाणी अडवण्याची ताकद कायमची नसते, वापराने कमी होते, हेही तिथेच. मला विचाराल तर बादलीत फोन बुडवण्याची कल्पना नानांची नव्हतीच.

शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका कारागिराने फोन उघडला, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून स्वच्छ केला, एक छोटा भाग बदलला. फोन चालू झाला. ‘किती दिवस चालेल सांगत नाही, आधी फोटो काढून घ्या,’ असंही तो म्हणाला. नानांनी फोटो काढले ते जाहिरातीचे. सध्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा तयार होतोय. कलम एक : फोन कधीही पाण्यात गेलेला नाही. कलम दोन : भुशी धरणात गेला तेव्हा जाहिरातीप्रमाणे त्याला काही व्हायला नको होतं. वकिली करणारा पुतण्या म्हणाला, ‘काका, यातलं एक काहीतरी ठेवा.’

‘दोन्ही राहू दे,’ नाना म्हणाले, ‘एखादं नाकारलं तर दुसरं हाताशी असावं.’