पंचहौदातला चहा

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना अशा कुंपणापाशी, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही ही. आता १८९० सालची आहे म्हणा, पण पुण्यात असल्या गोष्टी कधी शिळ्या होतात का!

तेच हो, पंचहौद मिशनचं. गोपाळराव जोशी, आपल्या डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, त्यांचाच सगळा उद्योग. बड्याबड्या मंडळींना व्याख्यानाला म्हणून मिशनमध्ये नेलं. रानडे काय, टिळक काय... एरवी दोघांची तोंडं दोन दिशांना, पण इथे दोघंही हजर! व्याख्यान संपलं नि पुढ्यात आला चहा. मिशनऱ्यांच्या हातचा! कुणी प्यायले, कुणी भिडेखातर नुसता कप हातात धरला. काय चेहरे झाले असतील एकेकाचे! गोपाळराव मात्र गालातल्या गालात हसत असणार, मी पैजेवर सांगते.

आणि मग? सगळी नावं 'पुणे वैभव' पेपरात छापून आली की! तिथेच तर गंमत आहे. गुपचूप कोण कुठे काय खातो, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक असायचंच. त्यानं कुणाचा धर्म बुडत नव्हता. यादी छापून आली नि बुडाला बघा एका दिवसात.

तर काय सांगत होते... हं, ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकायचा तंटा. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळक कायदा शिकलेले, म्हणाले, मी काशीला प्रायश्चित्त घेऊन आलोय. तरी घरच्या कार्याला भटजी मिळेना म्हणे! चहा पुरुषांनी प्यायचा आणि सोवळ्यातला स्वयंपाक करून भटजींची वाट बघत बसायचं बायकांनी. हे मात्र कुठल्या पेपरात आलं नाही.

आणि आता? परवा समोरच्या नव्या भाडेकरणीनं 'नो थँक्स, मी चहा घेत नाही' म्हटलं, तर आमच्या काकूंचा चेहरा असा पडला म्हणून सांगू! ती जिना उतरते न उतरते तोच म्हणाल्या, "माणसाची रीतच नाही, आपली संस्कृती राहिली नाही आता." मी म्हटलं, काकू, तुमच्या पणजोबांनी चहा पिणाऱ्यालाच वाळीत टाकलं असतं. झालं, काकू माझ्याशी बोलेनात!

पण खरी मेख पुढेच आहे, वहिनी. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं. एवढे हायकोर्टापर्यंत पोचणारे सुधारक, नि घेतलं! स्वतःसाठी नाही हो, जातीबाहेर पडून अडकलेल्या मित्रांसाठी. त्यांची सुटका व्हावी म्हणून. लोक हसले, सुधारकांनी नाकं मुरडली. रानड्यांनी ऐकून घेतलं. मला विचाराल तर कप हातात घेण्यापेक्षा ते अवघड होतं.

त्यांच्या बायकोला, रमाबाईंना, मात्र मुळीच पटलं नाही. नवऱ्यावर केवढी भक्ती त्यांची, पण हे काही गळी उतरेना. आणि मनात ठेवून बसल्या नाहीत हं. पुढे १९१० साली आठवणींचं पुस्तक काढलं, त्यात तेही लिहून टाकलं. नाहीतर घरातलं हे तुमच्या-माझ्यापर्यंत कुठून यायला!