दुसऱ्या शस्त्रक्रियेचे विमाशास्त्र

रिव्हिजन बेरिॲट्रिक शस्त्रक्रिया म्हणजे वजन उतरवण्यासाठी पूर्वी केलेली शस्त्रक्रिया दुरुस्त करणे किंवा बदलणे. बरेचदा स्लीव्ह केलेल्या, म्हणजे बराचसा भाग कापून नळीसारख्या केलेल्या, जठराचा बायपास केला जातो. कारणे मुख्यतः दोन: औषधांना न जुमानणारी जळजळ आणि गेलेले वजन परत येणे. सर्जन दोन्ही एकाच टेबलावर निस्तरतो. विमा कंपनीत मात्र पहिल्या कारणाला आजार म्हणतात आणि दुसऱ्याला चारित्र्यदोष.

या शास्त्राचा मूळ ग्रंथ म्हणजे पॉलिसी. ती बहुधा कपाटात साड्यांखाली, आली त्याच प्लास्टिकच्या पाकिटात सापडते. तीत ‘एक्सक्लुजन ०६’ शोधावे. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये वगळण्याची कलमे प्रमाणित केली, त्यांतले हे लठ्ठपणाचे. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी, तिला वैद्यकीय प्रोटोकॉलचा आधार असावा, रुग्ण किमान १८ वर्षांचा असावा आणि बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, निदान ४० असावा. बीएमआय ३५ ते ४० असेल तर जोडीला चारांपैकी एक दुखणे हवे: लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूचा विकार, हृदयधमनीविकार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. शिवाय आधीचे सौम्य उपाय फसलेले असावेत. गुडघे या यादीत नाहीत. गुडघ्यांना ते कुणी कळवलेले दिसत नाही.

४० आणि ३५ हे आकडे अमेरिकेत १९९१ साली ठरले. २०२२ मध्ये सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते खाली आणले आणि आशियाई शरीरांसाठी २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असे सांगितले. कलमाने मात्र १९९१ सालाशी इमान राखले आहे.

आता वजन. या अवस्थेत रुग्णाने पुरेसे जाड असणे ही त्याची कायदेशीर जबाबदारी ठरते. १६० सेंटीमीटर उंचीच्या बाईंना ३५ गाठायला ८९.६ किलो भरावे लागते. ८९ भरले की कंपनीच्या दृष्टीने त्या सुदृढ. त्यातच यकृत आकसावे म्हणून सर्जन शस्त्रक्रियेआधी कमी उष्मांकांचा आहार सुरू करतात. आज्ञाधारक रुग्ण तो निमूट पाळतो, तीन किलो उतरवतो आणि मंजुरी घालवून बसतो. म्हणून उंची आणि वजन आहार सुरू होण्यापूर्वीच, रुग्णालयाच्या काट्यावर, तारीख आणि सहीसह नोंदवून घ्यावे. उंची चपला काढून मोजावी. ९० किलोच्या याच बाई दोन सेंटीमीटरच्या टाचेसकट उभ्या राहिल्या, तर बीएमआय ३५.२ वरून ३४.३ वर येतो आणि लाखांचे बिल चपलेपायी घरी येते.

यानंतर कारण. जळजळ, जठर अरुंद होणे किंवा अन्य गुंतागुंत हे खरे कारण असेल, तर हा वजन उतरवण्याचा विषयच नव्हे, आणि तसे सर्जनच्या पत्राच्या पहिल्या ओळीत आले पाहिजे. सोबत एंडोस्कोपी आणि बेरियम स्वॉलोचे रिपोर्ट, तसेच घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या. पत्राची सुरुवात ‘बेरिॲट्रिक’ने झाली की पलीकडे सहावे कलम आपोआप उघडते आणि पुढचे कुणी वाचत नाही. कारण खोटे मात्र लिहू नये, रिपोर्ट बोलतात.

वजन परत आले असेल, तर क्वेरी येते. क्वेरी हा विमा कंपनीचा श्वासोच्छ्वास आहे. ‘पहिल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने पथ्य पाळले होते काय?’ ‘सौम्य उपाय करून पाहिले काय?’ ज्याच्या जठराचा तीन चतुर्थांश भाग आधीच कापून टाकला आहे, त्याला सकाळी फिरायला जाऊन पाहिलेत का असे विचारायला एक वेगळीच छाती लागते. विचारणाऱ्या साहेबांनी गणपतीत किती मोदक खाल्ले, यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. असो. उत्तर चिडून देऊ नये, कागदाने द्यावे: आहारतज्ज्ञाकडच्या नोंदी, तारखांसह वजनाचा तक्ता, जिमच्या पावत्या, पहिल्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट्स. जुन्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममधून हे शेवटचे दोन मिळवणे शस्त्रक्रियेहून अवघड, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी.

पॉलिसी पहिल्या शस्त्रक्रियेनंतर घेतली असेल, तर ती शस्त्रक्रिया प्रस्तावात लिहिलेली असली पाहिजे. ‘एवढं लिहायची गरज नाही हो, सगळं कव्हर्ड आहे,’ असे म्हणणारा एजंट क्लेमच्या दिवशी लग्नाला गेलेला असतो. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा.

रुग्णालयात विम्याचे कागद हाताळणाऱ्या टीपीए काउंटरवरच्या ताईंशी नम्रपणे वागावे. काचेवर सेलोटेपने चिकटवलेल्या सूचनांमागे बसून त्या एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने स्टेपलर सांभाळतात. कोणती कंपनी कोणता कागद मागणार हे त्यांना क्वेरीच्या आधी ठाऊक असते. साऱ्या यंत्रणेत रुग्णाच्या बाजूने विचार करणारी बहुधा ही एकच व्यक्ती, आणि सगळे ओरडतात तेही तिच्यावरच.

२०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात यायला हवा. हा तास कंपनीच्या घड्याळातला असल्याने ठरलेल्या शस्त्रक्रियेचा अर्ज काही दिवस आधीच टाकावा.

नकार आला तर तो लेखी आणि कलमासह मागावा. क्लेम समीक्षा समितीच्या संमतीशिवाय कंपनीला दावा फेटाळता येत नाही. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. त्याची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, कंपनीने नकार दिल्यापासून वर्षभराची मुदत असते, फी पडत नाही आणि वकीलही लागत नाही.