चीजखालचा रोहू

दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत उरकायचं, हे डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सांगणं मी बऱ्यापैकी पाळत होतो. त्यावर भाकरीही बंद, ही भर माझी. आईनं आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. बीड जिल्ह्यात धडधाकट माणूस ज्वारीला नाही म्हणत नाही.

मोबाइलवर एक बाई पांढऱ्या माशावर भाज्या आणि चीज पसरून ओव्हनमध्ये ढकलत होत्या. त्यांचा मासा समुद्रातला कॉड. आमच्याकडं समुद्राच्या जागी माजलगावचं धरण. मासेवाला म्हणाला, "सर, मरळ न्या, काटा कमी." मरळीचा भाव ऐकला आणि रोहूसुद्धा आतून पांढराच असतो, हे मला तिथल्या तिथं पटलं. झुकिनीऐवजी दोडका घेतला.

ओव्हन तापला, चीज जरा सैलावलं आणि लाइट गेली. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्याच जिल्ह्यात आहे. 2013च्या दुष्काळात ते पाण्यावाचून बंद पडलं होतं, तेव्हा निदान कुणाला तरी बोल लावता येत होता. यंदा धरणात पाणी होतं, म्हणून तर रोहू मिळाला!

लाइट आली तोवर दोडक्यानं भरपूर पाणी सोडलं होतं. मासा त्यात पुन्हा पोहायला लागला होता आणि वर चीजचं पिवळं कातडं धरलं होतं. बायकोनं टायमर लावला, "अहो, 55 मिनिटं सुरू."

रोहूच्या मांसात केसासारखे दुतोंडी काटे असतात. रश्श्यातल्या तुकड्यात ते बोटांना लागतात. चीजखाली थेट जिभेलाच भेटतात. ताटाच्या कडेला काट्यांचा ढीग वाढत गेला, मासा तेवढाच राहिला. टायमर वाजला आणि दचकून मी जो घास गिळला, त्यातला काटा घशात बसला.

"भाकरीचा घास घे, चावू नको, गिळ," आई म्हणाली. डॉक्टर या उपायाला नाही म्हणतात, पण ते त्या वेळी स्वयंपाकघरात नव्हते. कोरडा घास उतरेना, म्हणून तिनं येसराची आमटी वाढली. वर लसणाची फोडणी.

काटा बहुधा पहिल्याच घासाला गेला. पण घशाचा काय भरवसा, म्हणून मी दुसरी भाकरी मागून घेतली.