पाठिंब्याचा दर

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी अजून जपून ठेवल्यात. डॉक्टरांच्या मागण्याही सरकार असंच जपतं. ऑक्टोबर 2019 मध्ये तमिळनाडूतले सरकारी डॉक्टर केंद्राइतका पगार मागत संपावर गेले. ‘कामावर या, नाहीतर जागा रिकामी धरू’, असं प्रेमाचं बोलावणं आलं. 1 नोव्हेंबरला संप मिटला. जनतेचा पाठिंबा जरा उशिरा पोचला, इतकंच: कोरोनाच्या साथीत, 22 मार्च 2020, संध्याकाळी पाच वाजता, टाळ्या आणि ताट-चमच्यासह. 3 मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून पाकळ्याही पडल्या. आता वेतन आयोगाने टाळीचा दर ठरवून त्यावर महागाई भत्ता द्यावा. पाकळ्यांवर आयकर नको. आमच्या पितळी परातीला त्या संध्याकाळी पोचे आले. ते काढणारा तांबट मात्र मजुरी रोख मागतो.